अर्कावती खोरे : तलाव, वसाहत आणि शेती

बेंगळुरूच्या उत्तरेस नंदी टेकड्यांत उगम पावणारी अर्कावती नदी दोड्डबळ्ळापूर, हेसरघट्टा, रामनगर व कनकपूर या मार्गाने वाहत जाऊन संगम येथे कावेरीस मिळते. हिमालयातील नद्यांप्रमाणे तिला बर्फाचा आधार नाही. तिचे अस्तित्व पावसावर आणि भूजलावर अवलंबून आहे. या मर्यादेतूनच खोऱ्यातील वसाहतीचे स्वरूप घडले.

लहान ओढ्यांवर मातीचे बांध घालून येथील ग्रामस्थांनी तलावांची साखळी उभी केली. वरच्या तलावाच्या सांडव्यातून वाहणारे पाणी खालच्या तलावात जाई. तलावाखाली भात, उंचवट्यावर नाचणी आणि त्यापलीकडे गायरान, अशी जमिनीची विभागणी असे. ‘केरे’ म्हणजे तलाव. हा शब्द अनेक गावांच्या नावांत आजही टिकून आहे. पाणीवाटपाचे काम ‘नीरगंटी’ पाहत असे व त्याबद्दल त्यास इनाम जमीन मिळे. उन्हाळ्यात उपसलेला गाळ शेतात पडे. म्हणजेच तलावाची देखभाल आणि शेतीची सुपीकता या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू होत्या.

ही घडी टप्प्याटप्प्याने विस्कटली. शहराची तहान भागविण्यासाठी १८९४ मध्ये हेसरघट्टा येथे, तर १९३३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळी येथे जलाशय पूर्ण झाले. १९६१ च्या कायद्याने वंशपरंपरागत ग्रामपदे रद्द झाली. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने ते आवश्यकच होते. परंतु नीरगंटीच्या कामाला तितकीच सक्षम पर्यायी व्यवस्था गावोगावी उभी राहिली नाही. पुढे विंधनविहिरी आल्या. तलाव सर्वांचा, विंधनविहीर मात्र एकाची. साहजिकच सामूहिक देखभालीतील शेतकऱ्याचे स्वारस्य घटले. भूजलाचा उपसा व निलगिरीची लागवड यांमुळे नदीचा प्रवाह आटला. १९७४ पासून शहरास कावेरीचे पाणी मिळू लागले. दुसरीकडे, उपनदी वृषभावती शहराचे सांडपाणी वाहून नेऊ लागली. त्याच पाण्यावर बैरमंगल परिसरातील शेतकरी चारा व तुती पिकवू लागले.

शहरास पाणी मिळाले, त्याची किंमत मात्र खोऱ्याने मोजली. केवळ गाळ काढल्याने तलाव जिवंत होणार नाही. ओढ्यांचे मार्ग मोकळे करणे, भूजलाच्या उपशावर गावपातळीवर मर्यादा घालणे, सांडपाण्यावर प्रक्रिया करणे आणि पाणीवाटपाची जबाबदारी ग्रामपंचायतीकडे निधीसह सोपविणे, या गोष्टी एकत्रितपणे झाल्या तरच खोऱ्यातील शेतीला भवितव्य राहील.