मत्स्यालये आणि सागराचे संरक्षण

वाळपई हे सत्तरी तालुक्याचे मुख्य ठिकाण. सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या या गावातून समुद्र दिसत नाही, त्याची गाज ऐकू येत नाही आणि येथील काजू-सुपारीच्या बागायतदारास होडी-जाळ्याशी फारसे कर्तव्यही नसते. समुद्र हा पेडणे, बार्देश किंवा सासष्टीच्या लोकांचा विषय, अशी समजूत सत्तरीत असल्यास त्यात नवल नाही. भूगोल मात्र निराळे सांगतो. कर्नाटकातील खानापूर तालुक्यात उगम पावून सत्तरीत उतरणारी म्हादई पुढे मांडवी या नावाने पणजीपाशी अरबी समुद्रास मिळते. आणि समुद्राची भरती-ओहोटी या नदीत मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आत, उसगावजवळच्या गांजे गावापर्यंत जाणवते. तेथील पाणी गोडे असले तरी त्याचा चढउतार समुद्राचा असतो. दिवसातून दोनदा समुद्र सत्तरीच्या उंबरठ्यापर्यंत येतो आणि परत जातो.

ज्याला समुद्र दिसत नाही, त्याला तो दाखवावयाचा कसा, हा प्रश्न शिक्षकांपुढे नेहमीच असतो. जगातील मोठ्या शहरांनी या प्रश्नाला दिलेले उत्तर म्हणजे सार्वजनिक मत्स्यालय. मत्स्यालय ही आता केवळ करमणुकीची जागा राहिलेली नाही. समुद्राच्या रक्षणाची मोठी कामे काही मत्स्यालयांनी व तेथील कर्मचाऱ्यांनी करून दाखविली आहेत. ती कामे कोणती, आणि त्यांतले आपल्या भागात काय होत आहे व काय होऊ शकेल, हे पाहण्यासारखे आहे.

मराठी माणसाच्या मनात मत्स्यालय म्हटले की मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालयच उभे राहते. मरीन ड्राइव्हवरील या मत्स्यालयाचे उद्घाटन १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. बांधकामास सुमारे आठ लाख रुपये खर्च आला व त्यांपैकी दोन लाखांची देणगी तारापोरवाला या पारशी दात्याने दिली, म्हणून त्यांचे नाव या वास्तूस मिळाले. कारभार राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याकडे होता. मुंबई पाहावयास गेलेल्या कोकणातील व गोव्यातील कितीतरी कुटुंबांनी जिवंत समुद्री मासा पाण्यात पोहताना पहिल्यांदा पाहिला तो येथेच. बाजारात टोपलीत पडलेला मासा रोजचा. पण तोच मासा श्वास कसा घेतो, कळपात कसा वळतो, हे पाहण्याची संधी किनाऱ्यावरच्या माणसालाही क्वचितच मिळते. २०१५ साली नूतनीकरण होऊन पारदर्शक अॅक्रिलिकच्या बोगद्यासह ते पुन्हा खुले झाले. २०२० साली कोविडच्या साथीत त्याची दारे बंद झाली आणि पुढे इमारतच धोकादायक ठरल्याने ती प्रेक्षकांसाठी उघडली नाहीत. समुद्रालगतच्या इमारतीला खारी हवा पोखरते, हे कारण समजण्यासारखे आहे. तरी दोन-तीन पिढ्यांना समुद्र शिकविणारी एवढी मोठी शाळा बंद पडावी, ही लहानसहान हानी नव्हे.

टाकीतले गणित

मत्स्यालयात प्रेक्षकाला दिसतात ते मासे. कर्मचाऱ्याचे सारे लक्ष असते पाण्याकडे. खुल्या समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारणपणे ३५ ग्रॅम क्षार असतात; टाकीतील प्रमाण त्याच्या आसपास ठेवावे लागते. उष्णतेने पाणी उडून जाते व क्षार मागे राहतात, म्हणून गोड्या पाण्याची भर सतत घालावी लागते. परंतु खरी कसोटी निराळीच आहे. मासा अन्न खातो आणि त्याच्या शरीरातून, मुख्यतः कल्ल्यांवाटे, अमोनिया बाहेर पडतो. न खाल्लेले अन्न कुजले की त्यातूनही अमोनियाच तयार होतो. हा वायू पाण्यात साठला तर मासे गुदमरून मरतात. टाकीखालच्या वाळूत व गाळणीत वाढणारे सूक्ष्म जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट या बऱ्याच कमी घातक पदार्थात रूपांतर करतात. नवी टाकी भरल्याबरोबर तिच्यात मासे सोडत नाहीत, ते यासाठीच. हे जिवाणू वाढून स्थिर होण्यास काही आठवडे जावे लागतात.

हौशी प्रेक्षकाने टाकीत टाकलेला मूठभर चुरमुऱ्यांचा खाऊही माशांच्या जिवावर उठू शकतो, हे यावरून ध्यानात येईल. वर्गात हा पाठ शिकवावयाचा झाल्यास महागडे साहित्य लागत नाही. काचेची एक मोठी बरणी, विहिरीचे पाणी, थोडी वाळू, पाणवनस्पती आणि ओढ्यातील दोन लहान मासे एवढ्यावर भागते. अन्न किती घातले, पाणी कधी गढूळ झाले, मासे वर येऊन तोंड कधी उघडू लागले, याची नोंद मुलांनी रोज करावी, आणि महिन्याभराने मासे ज्या ओढ्यातून आणले त्याच ओढ्यात सोडावेत. बाजारातील शोभेचे परदेशी मासे मात्र नदी-ओढ्यात कधीही सोडू नयेत. ते तेथे तगले तर स्थानिक माशांचे अन्न व जागा बळकावतात.

बरणीत जे दोन दिवसांत घडते तेच नदीच्या डोहात आणि खाडीत सावकाश घडते. फरक एवढाच की, तेथे पाणी बदलणारा कर्मचारी नसतो.

मत्स्यालयांची दुसरी बाजू

मत्स्यालयांनी समुद्राचे भलेच केले, असे सरसकट म्हणता येणार नाही. जगातील पहिले सार्वजनिक मत्स्यालय १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात उघडले. त्यामागे फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाची प्रेरणा होती. समुद्री जीव घरात कसे पाळावेत हे त्याच्या पुस्तकांनी लोकांना शिकविले. परिणाम असा झाला की हौशी मंडळींनी इंग्लंडचे खडकाळ किनारे अक्षरशः ओरबाडून काढले. ज्या डबक्यांचे सौंदर्य गॉसने वर्णिले होते ती त्याच्या हयातीतच उजाड झाली, आणि त्याचे दुःख त्याच्या मुलाने पुढे आपल्या आत्मकथनात नोंदविले. पुढच्या काळात प्रवाळांतील रंगीत मासे पकडण्यासाठी आग्नेय आशियात सायनाइडचा वापर होऊ लागला, तोही याच हौसेपायी.

यावर उपाय दोन. एक कायद्याचा: भारतात २००१ साली प्रवाळ, समुद्री घोडे व व्हेल शार्क यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले, ते पकडणे वा विकणे हा गुन्हा आहे. दुसरा उपाय शास्त्राचा. तामिळनाडूतील मंडपम येथे केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या केंद्राने क्लाऊन माशांची पैदास टाकीतच करण्याचे तंत्र बसविले आहे. मासा टाकीत जन्मला तर प्रवाळातून पकडावा लागत नाही. कोणत्याही मत्स्यालयाची पारख करावयाची झाल्यास हे मासे कोठून आले, हा पहिला प्रश्न विचारावा.

काचेबाहेरचे काम

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील माँटेरे गावचे मत्स्यालय या बाबतीत जगात अग्रेसर मानले जाते. त्याच्या जन्माची हकीकत गोमंतकीयांना जवळची वाटेल. आपल्याकडे तारले तसे तेथे सार्डिन. एके काळी त्या गावात सार्डिन डबाबंद करण्याचे कारखाने रांगेने उभे होते. बेसुमार मासेमारी झाली, समुद्राची स्थितीही पालटली आणि १९५० च्या सुमारास मासाच संपल्याने कारखाने ओस पडले. अशाच एका ओस कारखान्याच्या जागी १९८४ साली हे मत्स्यालय सुरू झाले.

तेथील समुद्री पाणमांजराचे उदाहरण विशेष सांगण्यासारखे आहे. लोकरीसारख्या दाट केसांसाठी शिकार होऊन कॅलिफोर्नियातील हा प्राणी जवळजवळ नामशेष झाला होता. वादळात आईपासून ताटातूट झालेली पिल्ले किनाऱ्यावर सापडत. मत्स्यालयाच्या लोकांनी प्रथम ती स्वतः वाढविली. पण माणसाला लळा लागलेले पिल्लू समुद्रात परत जाऊन टिकत नाही, असे त्यांच्या अनुभवास आले. तेव्हा त्यांनी युक्ती काढली. पिल्लांजवळ जाताना कर्मचारी काळा झगा व तोंडावर मुखवटा घालू लागले, जेणेकरून माणसाचा चेहरा पिल्लाच्या ओळखीचाच होऊ नये. समुद्रात परत सोडता न येणाऱ्या प्रौढ माद्यांकडे ही पोरकी पिल्ले सोपविण्यात आली, आणि त्या माद्यांनी त्यांना कवची फोडणे, सूर मारणे शिकविले. २००२ ते २०१६ या काळात अशी ३७ पिल्ले जवळच्या एल्कहॉर्न खाडीत सोडली गेली. पंधरा वर्षांत त्या खाडीत पाणमांजरांची जी वाढ झाली तिच्यापैकी निम्म्याहून अधिक वाढ ही पिल्ले व त्यांची प्रजा यांची होती, असा निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाला. पाणमांजरांनी खेकडे आटोक्यात आणले व खाडीतील समुद्री गवत पुन्हा वाढू लागले. म्हादई-मांडवीच्या खोऱ्यातही पाणमांजरे आहेत, जातीने निराळी असली तरी. त्यांना पाहिलेल्या सत्तरीकरांना या गोष्टीचे मोल सहज कळेल.

दुसरे उदाहरण इंडोनेशियातील राजा अंपात बेटांचे. तेथील झेब्रा शार्क, म्हणजे एका जातीची मोरी, अतिमासेमारीने दिसेनाशी झाली होती. ऑस्ट्रेलियातील मत्स्यालयात घातलेली अंडी विमानाने तेथे नेण्यात आली, स्थानिक लोकांनी ती उबवून पिल्ले वाढविली आणि जानेवारी २०२३ मध्ये पहिली पिल्ले समुद्रात सोडण्यात आली.

आपल्या किनाऱ्यावर

इतका पैसा व इतकी साधने आपल्याकडे नाहीत, हे खरे. पण कामाची दिशा तीच ठेवून येथेही पुष्कळ झाले आहे. महाराष्ट्रात ठाणे खाडीच्या काठी ऐरोली येथे वनखात्याच्या कांदळवन कक्षाचे सागरी जैवविविधता केंद्र आहे. डहाणू येथे जखमी कासवांवर उपचार होतात. तेथे येणाऱ्या कासवांपैकी अनेकांचे पाय समुद्रात सोडून दिलेल्या जाळ्यांत अडकून कापले गेलेले असतात. जाळ्यात सापडलेला संरक्षित प्राणी जाळे कापून सोडून देणाऱ्या मच्छीमारास पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०१८ मध्ये सुरू केली. गरिबाचे जाळे कापून पुण्य जोडावे, अशी अपेक्षा फुकट करता येत नाही. म्हणून ही योजना शहाणपणाची म्हटली पाहिजे. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून कासवांची घरटी राखण्याचे काम गावकऱ्यांना बरोबर घेऊन उभे केले.

गोव्यात या कामाचा मान पेडणे तालुक्यातील मोरजीच्या तेंबवाड्याकडे जातो. शापोरा नदीच्या मुखाजवळच्या या वाळूत ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या हिवाळ्यात रात्री येऊन अंडी घालतात. एका घरट्यात शंभरच्या आसपास अंडी असतात. पूर्वी ती उकरून खाल्ली व विकली जात. १९९० नंतरच्या दशकात वनखात्याने गावकऱ्यांच्या साहाय्याने राखण सुरू केली, आणि कासव कोठे चढते, वाळू कोठे उकरलेली आहे, हे ज्यांच्या डोळ्यांना नेमके कळत होते अशा गावच्याच माणसांच्या हाती ती दिली. वाचनाने न येणारी ही विद्या आहे.

अंडी सुमारे ४५ ते ६० दिवसांत फुटतात. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. वाळू अधिक तापली तर माद्या अधिक. रात्री बाहेर पडलेले पिल्लू उजळ क्षितिजाकडे धाव घेते. निसर्गात ते क्षितिज समुद्राचे असते. शॅकचे व हॉटेलांचे प्रखर दिवे लागले की पिल्ले उलट दिशेने रस्त्याकडे वळतात. पर्यटनावर ज्यांचे पोट आहे आणि कासवांवर ज्यांची निष्ठा आहे ती माणसे अनेकदा एकाच गावची, कधी एकाच घरातली असतात. त्यामुळे मोरजीतील दिवा मालवण्याचा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. हुकमापेक्षा समजुतीने तो अधिक सुटला आहे.

मोरजीच्या राखणदाराला जे आवरता येत नाही ते मात्र वरून येते. वाळपईच्या बाजारात हातात पडलेली प्लास्टिकची पिशवी पहिल्या मोठ्या पावसात ओढ्यात, ओढ्यातून म्हादईत आणि मांडवीच्या लोंढ्याबरोबर समुद्रात जाते. पाण्यात तरंगणारी पिशवी व झेलीफिश यांतला भेद कासवाला कळत नाही. सत्तरी व डिचोलीच्या खाणपट्ट्यातून वाहून आलेला लाल गाळही त्याच वाटेने जातो. चोडणच्या कांदळवनात, खाजनांच्या मानशींपाशी लहानाची मोठी होणारी सुंगटे याच पाण्यावर वाढतात, आणि शेवटी तीच वाळपईच्या मासळी बाजारात परत येतात.

येथील शाळांना सहलीसाठी मुंबईच्या मत्स्यालयाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. गांजे येथे नदीकाठी एक खुणेची काठी रोवून दर तासाला पाण्याची पातळी टिपली तर सकाळ-संध्याकाळच्या एका दिवसात सातवीच्या मुलांना भरती-ओहोटीचा आलेख काढता येतो. पावसाळ्याच्या आरंभी शेतात चढणीचे मासे येतात तेव्हा त्यांची पोटे अंड्यांनी भरलेली असतात. समुद्रात १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक मासेमारीस बंदी असते तिच्यामागे हेच प्रजननाचे कारण आहे, हे त्या वेळी घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलताना मुलांना सांगता येईल. मोरजीला जावयाचे असल्यास वनखात्याशी आधी संपर्क साधावा. कुंपण घातलेल्या घरट्यांपासून दूर उभे राहावे, विजेरी किंवा छायाचित्राचा झगमगाट करू नये, पिल्लू उचलून पाण्यात नेऊन सोडू नये. वाळूवरचे ते चार पावलांचे अंतर त्याला स्वतःच्या पायांनी तोडू द्यावे.