दोन पायऱ्या

तुमच्या वर्गात जाताना किती पायऱ्या चढाव्या लागतात? बहुतेकांना हे आठवून सांगावे लागेल. ज्याचे पाय धडधाकट आहेत, त्याला पायऱ्या मोजण्याची गरज पडत नाही. चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्या मुलीला मात्र त्या पाठ असतात. दोनच पायऱ्या असल्या, तरी तिची वाट तिथे अडते. मग रोज कोणीतरी तिला उचलून आत नेते. पहिली-दुसरीत ते चालते. सातवीत आल्यावर तिला त्याचा संकोच वाटू लागतो. उचलून उचलून आईची कंबर दुखू लागते. एक दिवस ती शाळेत येणे सोडून देते. अभ्यासात ती मागे होती म्हणून नव्हे, पायऱ्या होत्या म्हणून.

यावर उपाय म्हणजे रॅम्प, अर्थात चढाचा सपाट रस्ता. त्याचे गणित सोपे आहे. एक फूट उंच चढायचे असेल, तर रॅम्प निदान बारा फूट लांब हवा. सहा-सहा इंचांच्या दोन पायऱ्या म्हणजे एक फूट, म्हणून बारा फूट. रॅम्प आखूड केला, तर त्याची घसरगुंडी होते. चढताना ढकलणाऱ्याची दमछाक होते आणि उतरताना खुर्ची हातातून सुटते. काही इमारतींत चार फुटांतच एक फूट चढवलेले रॅम्प दिसतात. ते कागदावर दाखवण्यासाठी ठीक, खुर्चीसाठी नव्हेत.

दुसरी अडचण कोणी बोलून दाखवत नाही. शाळेतल्या संडासाचे दार अरुंद असेल आणि आत धरायला दांडी नसेल, तर अशी मुलगी सकाळपासून पाणीच पीत नाही. तहान मारून बसलेल्या मुलीचे गणितात लक्ष कसे लागणार?

उर्दूत आपण ‘माज़ूर’ म्हणतो, त्याला मराठीत ‘अपंग’ म्हणत आले आहेत. अलीकडे सरकारी कागदांत ‘दिव्यांग’ हा शब्द असतो. कोणता शब्द चांगला, यावर मोठी माणसे वाद घालतात. तुम्ही त्या वादात पडू नका. वर्गातल्या मुलाला त्याचे नाव असते, त्या नावाने त्याला हाक मारा.

आपल्या देशात २०१६ साली दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, नव्या कायद्यात २१ आहेत. ज्यांचे अपंगत्व ४० टक्के किंवा त्याहून अधिक आहे, अशा ६ ते १८ वर्षांच्या मुलांना घराजवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क या कायद्याने दिला आहे.

तुमच्या आजोबांच्या वेळी पाय अधू होण्याचे मोठे कारण पोलिओ हे होते. लसीमुळे ते मागे हटले आणि २०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. आज वर्गात तुम्हांला मेंदूचा पक्षाघात असलेले मूल भेटू शकेल. मेंदूचा जो भाग स्नायूंना हुकूम देतो, त्याला जन्माआधी, जन्मताना किंवा अगदी लहानपणी इजा झालेली असते. त्यामुळे हातपाय ताठ होतात, जीभ जड होते. ऐकणाऱ्याला वाटते, याला काही कळत नाही. हा समज चुकीचा आहे. अशा पुष्कळ मुलांची बुद्धी तुमच्या-माझ्यासारखीच असते. उत्तर डोक्यात तयार असते, पण ते ओठांवर यायला वेळ लागतो. तेवढ्यात शेजारचा हुशार मुलगा हात वर करून उत्तर सांगून टाकतो! त्याने थोडा दम धरावा. वाक्य दुसऱ्याने पुरे करू नये.

लिहिण्यासाठी साध्या युक्त्या आहेत. पेन्सिलीला कापडाची पट्टी गुंडाळून ती जाड केली, की बोटांची पकड बसते. वहीचे कोपरे बाकाला चिकटपट्टीने चिकटवले, की वही सरकत नाही. पायाला कॅलिपर असलेल्या मुलाला बाकाच्या कडेची जागा द्यावी, म्हणजे त्याला पाय लांब करता येतो.

मदत करण्यापूर्वी विचारावे. बैसाखीला मराठीत कुबडी म्हणतात. काही मुले मदत म्हणून कुबड्या उचलून दूर कोपऱ्यात ठेवतात. मग तो मुलगा जागचा हलू शकत नाही. पाण्याच्या टाकीजवळची फरशी ओली असेल, तर पुसून घ्यावी, कारण ओल्या फरशीवर कुबडी सरकते. चढावरून खुर्ची खाली न्यायची असेल, तर ती उलटी वळवावी आणि आपण मागे मागे चालत उतरावे.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे पाय वयाच्या सोळाव्या वर्षी लुळे पडले. तरीही त्यांनी नोकरी केली आणि १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. अपंग मुलांना शाळा शिकता यावी, म्हणून संस्थेने वसतिगृह बांधले. त्याचे नाव ‘घरौंदा’. हा शब्द तुम्हांला ओळखीचा वाटेल. नसीमाबाईंचे ‘चाकाची खुर्ची’ हे मराठी आत्मचरित्र वाचनालयातून आणून जरूर वाचा. मात्र प्रत्येक अपंग मुलाने संस्था काढावी किंवा पदक जिंकावे, अशी अपेक्षा धरू नका. त्याला इतरांसारखे साधे पास होता आले, तरी पुष्कळ आहे.

परीक्षेत अशा विद्यार्थ्याला लेखनिक मिळतो. केंद्र सरकारच्या २०१८ च्या सूचनांनुसार दर तासाला किमान २० मिनिटे जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. काही मुले कुरकुरतात, “त्याला जास्त वेळ का?” त्यांनी डाव्या हाताने एक पान लिहून पाहावे आणि घड्याळ लावावे. डावखुऱ्यांनी उजव्या हाताने लिहावे.

स्वाध्याय
१. रॅम्प आखूड असल्यास कोणत्या अडचणी येतात?
२. पेन्सिलीला कापडाची पट्टी का गुंडाळतात?
३. आपल्या शाळेच्या पायऱ्यांची उंची पट्टीने मोजा. तेथे किती फूट लांब रॅम्प लागेल, ते काढा आणि मुख्याध्यापकांना मराठीत पत्र लिहा.