मेंदूतला पेसमेकर तोल सावरतो का?

"डॉक्टर, ऑपरेशन केलं तर बाबा पडायचे थांबतील ना?" पार्किन्सन्सच्या रुग्णांची मुलंमुली हे हमखास विचारतात. थडथड कापणारा हात यंत्र सुरू करताच स्थिर होतो, असा व्हिडिओ त्यांनी मोबाइलवर पाहिलेला असतो. व्हिडिओ खोटा नसतो. पण तो कंपाचा असतो, आणि तोलाचं प्रकरण निराळं आहे.

डीप ब्रेन स्टिम्युलेशन, म्हणजे डीबीएस, ग्रेनोबलच्या आलीम-लुई बेनाबिद यांनी १९८७ साली कंपासाठी वापरायला सुरुवात केली. मेंदूत खोलवर बारीक तारा, छातीच्या कातडीखाली बॅटरी, आणि सेकंदाला साधारण १३० सौम्य विद्युत ठोके. कंप, ताठरपणा, मंदावलेल्या हालचाली आणि गोळ्यांमुळे होणारी अंगाची वळवळ यांवर त्याचा चांगला उपयोग होतो. तोल मात्र केवळ डोपामिनवर, म्हणजे पार्किन्सन्समध्ये कमी पडणाऱ्या मेंदूतल्या रसायनावर, चालत नाही. आजार वाढतो तशा मेंदूतल्या इतर पेशीही निकामी होतात, आणि त्यांची भरपाई ना गोळी करते, ना तार.

म्हणून आम्ही एक ठोकताळा धरून चालतो: डोपामिनची उणीव भरून काढणाऱ्या लेव्होडोपाच्या गोळीने जे सुधारतं, तेच डीबीएसने सुधारतं. कंप हा अपवाद. गोळीला न जुमानणारा कंपही ऑपरेशनने आटोक्यात येऊ शकतो.

तेव्हा सर्जनकडे जाण्याआधी आठवडाभर एक वही ठेवा. रुग्ण कधी पडला, शेवटची गोळी किती वाजता घेतली होती, त्या वेळी काय करत होता, एवढंच लिहा. गोळीचा असर उतरला की दारात पाय जमिनीला चिकटतात आणि पुढची गोळी लागू पडली की सुटतात, असं असेल तर ऑपरेशनने फरक पडण्याची आशा आहे. गोळी पूर्ण लागू असताना, मोरीतून वळून बाहेर येताना माणूस मागे कोसळत असेल, तर ते पडणं ऑपरेशनने थांबेल असं मी सांगणार नाही. आजाराच्या पहिल्या एक-दोन वर्षांतच वारंवार पडणं सुरू झालं असेल, तर निदानच पुन्हा तपासून घ्या. पार्किन्सन्ससारखे दिसणारे काही आजार असतात, त्यांत डीबीएसचा उपयोग होत नाही. आणि झोपून, मग उभं राहिल्यावर तीन मिनिटांनी रक्तदाब मोजा. उभं राहताच तो घसरत असेल, तर चक्कर येऊन पडणं औषधांत बदल करून कमी करता येतं.

ऑपरेशननंतर तोल बिघडला असं वाटलं, तर "आता हे असंच" म्हणून गप्प बसू नका. सेटिंग बदलता येतं. ठोक्यांचा वेग ६०च्या आसपास आणला की काही जणांचे अडकणारे पाय मोकळे होतात. व्यायाम तर ऑपरेशन होवो न होवो, हवाच: जागच्या जागी गर्रकन न वळता मोठा वळसा घेणं, आकडे मोजत पाऊल टाकणं, चालताना हातात कपबशी न धरणं.

फिजिओथेरपीला जाल तिथे यंत्र बसवल्याचं आधी सांगा. डायथर्मीचा शेक या रुग्णांना कधीही चालत नाही. तार तापून मेंदूला इजा होऊ शकते. आणखी एक, जे फार कुणी सांगत नाही. झुरिकच्या डॉक्टरांनी २०१९ मध्ये असे नऊ रुग्ण नोंदवले, जे पूर्वी चांगले पोहायचे आणि डीबीएसनंतर त्यांना पोहता येईना. चालणं सुधारलं म्हणून गावच्या विहिरीत किंवा समुद्रात एकट्याने उतरू नका.