अंगावर फार जाते? लपवू नका

सून पाळीत अंथरूण धरते. पोटात कळा येतात. रक्त फार जाते. सासू म्हणते, "बाईचा जन्म! सोसायचं."

पण हे अंगावर काढू नये. हा अ‍ॅडेनोमायोसिस नावाचा आजार असू शकतो.

गर्भपिशवीला आतून मऊ अस्तर असते. या आजारात तसले अस्तर पिशवीच्या जाड भिंतीत वाढते. पिशवी सुजते, जड होते. हा शाप नव्हे. बाईचा दोषही नव्हे.

"शेजारीण म्हणते, पिशवीच काढा," सासू आशाताईंना म्हणाली.

"मावशी, पिशवी काढली तर मूल कुठं वाढायचं? हा आजार असून पुष्कळ जणी बाळंत होतात. जपावं मात्र लागतं."

का जपावे? अशा बाईचा गर्भ पडण्याची भीती जास्त असते. मूल दिवस भरण्याआधी होते, लहान भरते. बाईचा रक्तदाब वाढतो. बाळंत झाल्यावर पिशवी नीट आवळली नाही, तर रक्त थांबत नाही. आधीच अंगात रक्त कमी असले, तर जिवावर बेतते. सगळ्यांना असे होत नाही; पण तयारी हवी.

मग काय करावे?

दिवस राहण्याआधीच रक्त तपासा. दिवस राहताच, ३ महिन्यांच्या आत नाव नोंदवा. पाळीचा त्रास डॉक्टरांना सांगा. गरोदरपणी हिमोग्लोबिन ११ च्या खाली नको. चौथ्या महिन्यापासून लोहाची गोळी रोज घ्या. दर खेपेला रक्तदाब मोजून घ्या. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी होते. ती चुकवू नका.

रक्त किंवा पाणी गेले, डोके फार दुखले, डोळ्यांपुढे अंधारी आली, मूल कमी हलले, तर थांबू नका. १०८ ला फोन करा.

बाळंतपण घरी नको. जिथे रक्त मिळते, तिथेच करा. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय आहे. मिरजेला १९६२ साली निघालेले सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण पाटणच्या डोंगरातून सातारा लांब, जतच्या माळावरून मिरज लांब. म्हणून गाडी, पैसे आणि रक्त देणारा माणूस आधीच ठरवा.

सासू सुनेला म्हणाली, "उद्या दोघी जाऊ. मीच डॉक्टरांना सांगते."

वाचा आणि सांगा : ९ तारखेला काय असते? तुमच्या गावाहून रक्त मिळणारा दवाखाना किती लांब आहे?