मळणीची धूळ व शिंकांवरील गोळी

मळणीच्या दिवसांत भुसा व धूळ नाकांत गेली कीं कित्येकांस शिंका सुटतात, डोळे चुरचुरतात व अंगास खाज येते. यास ॲलर्जी म्हणतात. निरुपद्रवी कणास शत्रु समजून शरीर हिस्टामिन नांवाचें द्रव्य सोडतें. त्यायोगें हा त्रास होतो. त्यास अटकाव करणारें पहिलें द्रव्य पॅरिस येथील पाश्चर संस्थेंत १९३७ सालीं सांपडलें.

क्लोरफेनिरामिन हें जुनें औषध स्वस्त, परंतु झोंप आणणारें आहे. तें घेऊन मळणीयंत्राशीं उभें राहणें म्हणजे हात गमावण्यास तयार होणें होय. सेटिरिझिननें गुंगी कमी येते, पण कांहींस येतेच. सबब पहिली गोळी रात्रीं घेऊन पाहावी. प्रौढांस सामान्यतः दिवसांतून १० मिलिग्रॅमची एकच पुरे. हंगामभर त्रास असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्यानें रोज ठराविक वेळीं घ्यावी. एक चुकली म्हणून दोन घेऊं नयेत. मद्य वर्ज्य करावें. मूत्रपिंडाचा विकार, काचबिंदु किंवा लघवीस अडथळा असणारांनीं व गर्भवती स्त्रियांनीं आधीं डॉक्टरांस विचारावें.

गाजरगवतानें चिघळलेली कातडी या गोळीनें बरी होत नाहीं. मधमाशी डसून श्वास कोंडल्यास किंवा भोंवळ आल्यास गोळीवर विसंबूं नये. तेथें ॲड्रेनॅलिनची सुईच प्राण वांचविते, म्हणून तत्काळ रुग्णालय गांठावें.

गोळी त्रास शमविते, त्याचें मूळ काढीत नाहीं. नाकातोंडास फडकें बांधून धुळीकडे वारा वाहील असें उभें राहावें, हा उपाय बिनखर्ची आहे.