सांध्यावरचे अणू : काही अनुभवाचे बोल

एकाच पदार्थाचे दोन स्फटिक थोडे कलते राहून एकमेकांना चिकटले, की मधे जी सीमा तयार होते तिला आम्ही ग्रेन बाउंड्री म्हणतो. ऑक्साइड स्फटिकांमधल्या या सीमांवर अणू कसे बसतात, ते इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहणे हे माझे काम. या कामात नव्याने येणाऱ्या मुलामुलींना एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते : सीमेवरच्या दोषालाही स्वतःची शिस्त असते, आणि ती मोजल्याशिवाय पदार्थाच्या गुणांविषयी बोलू नये. पुढचे मुद्दे त्यातूनच आले आहेत.

१. आधी कोन मोजा.

दोन स्फटिकांमधला कल लहान असेल, तर सीमेवर डिस्लोकेशन्सची रांग लागते. कापड विणताना एखादा ताणा मधेच संपावा, तशी अणूंची एक जादा पातळी स्फटिकाच्या आत येऊन थांबते. ती जिथे थांबते तो डिस्लोकेशनचा गाभा. सीमा म्हणजे डिस्लोकेशन्सची रांग, ही कल्पना बर्गर्स आणि ब्रॅग यांनी १९४० च्या सुमारास मांडली, रीड आणि शॉकली यांनी १९५० मध्ये तिला ऊर्जेचे गणित दिले. हिशेब सोपा आहे. स्ट्रॉन्शियम टायटनेट या ऑक्साइडच्या एका घराची (युनिट सेलची) बाजू ०.३९ नॅनोमीटर, कल ६ अंशांचा असेल तर दर ३.७ नॅनोमीटरला एक गाभा दिसायला हवा, १० अंशांना दर २.२ नॅनोमीटरला. साधारण १५ अंशांच्या पुढे गाभे एकमेकांना भिडतात आणि हे चित्र लागू पडत नाही. गाभ्यांमधल्या अपेक्षित अंतराचा आकडा वहीत लिहूनच मायक्रोस्कोपपुढे बसावे. प्रत्यक्षातले अंतर वेगळे निघाले, तर तिथे काहीतरी शिकण्यासारखे आहे.

२. सॅम्पल बनवण्यात घालवलेला वेळ वाया जात नाही.

घासून, पॉलिश करून शेवटी आर्गॉन आयनांच्या माऱ्याने सॅम्पल काही दशक नॅनोमीटरपर्यंत पातळ करावे लागते. कडा पाचरीसारखी उतरती होत गेली, की पारदर्शक ऑक्साइडवर साध्या प्रकाशात रंगांचे पट्टे उमटतात. ते पट्टे वाचायला शिका, जाडीचा अंदाज तिथेच येतो. आयनांचा मारा गाभ्याजवळ लवकर खरवडतो. म्हणून शेवटचा टप्पा कमी व्होल्टेजवर आणि सावकाश करावा. गाभ्यात दिसणारा काळा ठिपका खरोखरची पोकळी आहे की आपणच पाडलेला खड्डा, हे सॅम्पल बनवतानाच ठरते.

३. बर्गर्सचा फेरा स्वतः मोजा.

सॉफ्टवेअर ताणाचे रंगीत नकाशे झटपट देते. तरीही चित्राची प्रिंट काढा, पेन्सिल घ्या आणि गाभ्याभोवती अणूंचे स्तंभ मोजत फिरा : उजवीकडे दहा, खाली दहा, डावीकडे दहा, वर दहा. निर्दोष स्फटिकात निघालेल्या ठिकाणीच परत याल. गाभ्याभोवती फेरा एका स्तंभाने उघडा राहतो. तेवढी फट म्हणजे बर्गर्स व्हेक्टर. असे काही फेरे हाताने काढले, की डोळा तयार होतो आणि नकाशातले खोटे रंग पटकन ओळखू येतात.

४. दिसत नाही ते नाहीच, असे समजू नका.

हाडफ (HAADF) या, मोठ्या कोनात विखुरलेले इलेक्ट्रॉन टिपणाऱ्या पद्धतीच्या चित्रात जड अणू ठळक दिसतात. स्ट्रॉन्शियम (अणुक्रमांक ३८) लख्ख, टायटॅनियम (२२) मंद, आणि ऑक्सिजन (८) जवळपास गायब. ऑक्साइडचे अर्धे वागणे ऑक्सिजनवर अवलंबून, आणि नेमका तोच अदृश्य! जर्मनीतल्या युलिश येथे जिया, लेन्ट्झेन आणि उर्बान यांनी २००३ मध्ये भिंगदोष दुरुस्त केलेल्या मायक्रोस्कोपने स्ट्रॉन्शियम टायटनेटच्या कुळातल्या ऑक्साइडमधले ऑक्सिजनचे स्तंभ दाखवले. २००५ मध्ये जिया, थुस्ट आणि उर्बान यांनी स्ट्रॉन्शियम टायटनेटमधल्या डिस्लोकेशनच्या गाभ्यातला ऑक्सिजन तपासला. पुढे अ‍ॅन्युलर ब्राइट फील्ड पद्धत आली आणि हलके अणू पाहणे आणखी सोपे झाले. आता एकाच जागेची दोन्ही प्रकारची चित्रे घेतल्याशिवाय गाभ्याच्या रचनेवर मत देऊ नये.

५. गाभ्याचा रासायनिक हिशेब वेगळा असतो.

स्ट्रॉन्शियम टायटनेटच्या गाभ्यात टायटॅनियमचे प्रमाण वाढलेले अनेकांना आढळले आहे. अ‍ॅल्युमिनामध्ये टोकियो विद्यापीठातले शिबाता, इकुहारा आणि त्यांचे सहकारी यांनी २००७ मध्ये दाखवले, की एक डिस्लोकेशन दोन तुकड्यांत विभागते आणि त्यातला एक गाभा अ‍ॅल्युमिनियमवर संपतो, दुसरा ऑक्सिजनवर. याचा परिणाम दूरवर पोचतो. ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा गाभ्यात साचल्या, की गाभ्यावर धन भार येतो. शेजारच्या पट्ट्यात तशाच धन भाराच्या रिकाम्या जागांना थारा उरत नाही, आणि सीमा ओलांडणारे ऑक्सिजन आयन अडखळतात.

६. पहिले आणि शेवटचे चित्र शेजारी ठेवा.

दोन-तीनशे किलोव्होल्टचा बीम ऑक्सिजनला जागेवरून हलवू शकतो, आणि गाभा तर आधीच कमजोर. पाहणी सुरू केल्याबरोबर एक चित्र घ्या, उठण्यापूर्वी त्याच गाभ्याचे दुसरे घ्या. दोन्ही जुळले तरच मधल्या चित्रांवर विश्वास ठेवा. शिवाय प्रत्येक स्तंभ ही सॅम्पलच्या पूर्ण जाडीची बेरीज असते; गाभा मधे कुठे सरकला असेल तर स्तंभ धूसर होतो. म्हणून मॉडेलवरून चित्राचे सिम्युलेशन करून ताडून पाहणे अत्यावश्यक.

७. सीमेचा उपयोग शोधा.

आयबीएममध्ये डिमोस, चौधरी आणि मानहार्ट यांनी १९८८ मध्ये स्ट्रॉन्शियम टायटनेटच्या जोडस्फटिकांवर अतिवाहक थर वाढवला आणि सीमेचा कोन वाढताच विद्युतप्रवाह किती झपाट्याने घसरतो ते दाखवले. ती अडचण होती. पण विजेच्या लाइनवरचे सर्ज अरेस्टर झिंक ऑक्साइडच्या सीमांवरच चालतात. २००३ मध्ये जपानमध्ये अ‍ॅल्युमिनातल्या डिस्लोकेशन्समध्ये टायटॅनियम मुरवून विद्युतरोधकाच्या आत वाहक तारा तयार केल्या गेल्या. सीमा कुठे अडथळा होईल आणि कुठे वाट, हे कोनाने आणि गाभ्यातल्या अणूंनी ठरते. हे दोन्ही आज मोजता येतात. सुंदर चित्र हाती आले म्हणून थांबू नका. त्यातला कोणता अणू कोणत्या गुणाला कारणीभूत आहे ते सांगता आले, की मगच पेपर लिहायला घ्या.