‘काय लावतेस गं केसांना?’

चि. भाचीस,


वसतिगृहावरच्या मुली रोज हा एकच प्रश्न विचारतात, असं तुझ्या आईकडून कळलं. साहजिकच आहे. लातूरला अकरावी-बारावीसाठी साऱ्या महाराष्ट्रातून पोरी येतात. अभ्यासाच्या रगाड्यात वेणी-फणीला वेळ मिळत नाही म्हणून कितीतरी जणी आल्या आल्या केस कापून टाकतात. त्यात कमरेपर्यंतचे, कुरळे, कधी इस्त्री न फिरवलेले आणि रंग न लावलेले केस दिसले, की पोरी थांबणारच आणि विचारणारच.

सांगावं, अगदी मोकळेपणानं सांगावं. केसांचं गुपित फोडलं की दृष्ट लागते असं मानणाऱ्या बायका आपल्याकडे अजून आहेत. खोबरेलात काय काय कढवलं ते त्या सख्ख्या जावेलाही सांगत नाहीत. तसं करू नये. मात्र सांगायचं ते आपण काय करतो एवढंच. ‘हे लाव, तुझेही असे होतील’ हे वाक्य तोंडून जाऊ द्यायचं नाही. विचारणारीचं डोकं वेगळं, तिच्या घरचं पाणी वेगळं, तिचं रक्तही वेगळं. मोठेपणी डॉक्टर व्हायचं म्हणतेस, तर ही सवय आत्तापासून लागलेली बरी.

हे उत्तर कसं द्यावं ते बघायचं तर नांदेडला बघावं. गुरू गोविंदसिंगजींनी १६९९ साली आनंदपूरला खालसा पंथाची स्थापना केली आणि १७०८ मध्ये गोदावरीकाठी, इथे नांदेडला देह ठेवला. महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधलेल्या सचखंड गुरुद्वाऱ्याच्या आवारात रोज परगावची शाळकरी पोरं येतात आणि दस्तार, म्हणजे पगडी, बांधलेल्या माणसाला धीटपणे विचारतात, केस किती लांब आहेत, धुता कसे, उन्हाळ्यात उकडत नाही का. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेली दखनी शीख मंडळी मराठीही बोलतात, आणि सांगण्यासारखं त्यांच्याकडे पुष्कळ आहे. केस कापायचे नाहीत. सकाळ-संध्याकाळ लाकडी कंग्यानं विंचरायचे, डोक्यावर गाठ बांधायची, कंगा तिथेच खोचायचा, वर दस्तार. यात ‘यानं केस दाट होतात’ असा दावा कुठेच नाही. खालसा शिखानं बाळगायच्या पाच ककारांत केश आणि कंगा दोन्ही आहेत, हे विशेष लक्षात ठेव. केस राखायचे म्हणजे विंचरायचेही, हे त्या नेमातच धरलेलं आहे. गुरुद्वाऱ्याभोवतीच्या दुकानांत कडं-कृपाणाबरोबर हे छोटे लाकडी कंगे मिळतात. लाकडाचा कंगवा प्लास्टिकसारखी वीज धरत नाही, त्यामुळे केस उभे राहत नाहीत. कुरळ्या केसांसाठी मात्र त्याहून रुंद दातांचा घ्यावा आणि केस ओले असतानाच, खालून वर गुंता सोडवत यावं.

विंचरणं सुटलं की काय होतं हेही याच मुलखात बघायला मिळतं. केसांचा गुंता होतो, त्यात मळ आणि तेल बसतं, तो घट्ट होतो. मग कुणीतरी म्हणतं, देवीची जट आली, कात्री लावू नका. मान दुखते, उवा होतात, झोपताना डोकं टेकवता येत नाही, तरी बाई ते ओझं वर्षानुवर्षं वागवते. काही मुलींना तर याच जटेपायी देवाला सोडण्यात आलं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते आजही गावोगाव जाऊन जटा सोडवतात. पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी अशा शेकडो बायकांना मोकळं केलं आहे. कात्री चालवायला वेळ लागत नाही. घरच्यांची भीती घालवायलाच खूप वेळ जातो. बोलावं लागतं, पुन्हा जावं लागतं, पुन्हा बोलावं लागतं. केसांविषयी मोकळं बोलण्याचं मोल तिथे कळतं. तुझ्या वर्गातल्या एखाद्या मुलीच्या आजीला जट असेल आणि ती भीत भीत विषय काढत असेल, तर तिला टाळू नकोस. जट म्हणजे न विंचरलेला गुंता आहे, एवढं धडधडीत सांग.

आता तुझं रोजचं. त्यात पहिलं उत्तर तेलाचं नाही, पाण्याचं आहे.

लातूरला राहून पाण्याचा विचार न करणं शक्यच नाही. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वेगाडी लातूरला पोचली. दहा टँकर, प्रत्येकात पन्नास हजार लिटर. मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि शहर घागरीच्या हिशेबानं जगत होतं. त्या उन्हाळ्यात डोक्यावरून न्हाणं ही चैन झाली होती. आज नळाला पाणी येत असलं तरी वसतिगृहांत बोअर आणि टँकर सुटलेले नाहीत. बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी क्षाराचं असतं. बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो तो त्याचाच. या पाण्यात अंगाचा साबण डोक्याला लावला की साबण आणि पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम मिळून चिकट साका तयार होतो, तो केसांवर बसतो, आणि पोरी म्हणतात, लातूरच्या पाण्यानं केस राठ झाले. पाण्याचा दोष आहेच, पण अर्धा दोष साबणाचा. शिककाई-रिठ्यातल्या फेस आणणाऱ्या द्रव्यांचा असा साका होत नाही. शाम्पूचाही सहसा होत नाही. म्हणून शाम्पू वापरणारीला नावं ठेवू नयेत. तिनं साबण सोडला असेल तर तिनं निम्मं काम केलेलं आहे.

शिककाई सांगताना एक बारीकसा तपशील नेहमी गळतो, आणि तिथेच लोकांचं बिनसतं. दुकानातली पूड सरळ डोक्यावर थापली की तिचे कण कुरळ्या केसांत अडकतात, ते काढायला बादल्याच्या बादल्या पाणी जातं, आणि वाळल्यावर खांद्यावर कोंड्यासारखी भुकटी पडते. मग ती मुलगी म्हणणार, शिककाईनं कोंडा झाला. शेंगा रात्री भिजत घालाव्यात, सकाळी उकळाव्यात, कुस्करून फडक्यानं गाळाव्यात आणि फक्त ते तपकिरी पाणी वापरावं. डोळे मिटून घ्यावेत, कारण रिठा घातला असेल तर फार झोंबतं. हे न सांगता नुसतं ‘मी शिककाई लावते’ म्हणणं म्हणजे अर्धवट सांगणं.

जवसाचं सगळ्यांना नवल वाटतं. आपल्याकडे जवस म्हणजे चटणी. लातूरला गळीतधान्य संशोधन केंद्र आहे, करडई आणि जवस ही या भागाची ओळखीची पिकं, आणि आता जगभरातल्या कुरळ्या केसांच्या बायका याच जवसाचा चिकट रस केसांना लावतात. पाव वाटी जवसाला दोन वाट्या पाणी, मंद आच, सतत ढवळणं. आधी वर फेस येतो, मग पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं होऊ लागतं आणि चमचा उचलला की तार सुटते. तार सुटली की लगेच उतरवायचं आणि गरम असतानाच पातळ सुती कापडातून गाळायचं. गार झालं की ते कापडातून खाली उतरतच नाही. ओल्या केसांवर लावून मुठीत दाबायचं, वाळू द्यायचं. फ्रीजमध्ये साधारण आठवडाभर टिकतं, आंबूस वास आला की फेकायचं. वसतिगृहात शेगडी नसेल तर मेसच्या काकूंना विचारून करावं, चोरून नको. आणि हेही सांगावं की यानं केस वाढत नाहीत. जवसाच्या टरफलातला बुळबुळीत पदार्थ केसावर पातळ थर धरतो, त्यामुळे कुरळेपणा जागच्या जागी राहतो. धुतलं की संपलं.

तेलाबद्दल सर्वांत जास्त विचारतील, आणि तिथेच सर्वांत जास्त थापा मारल्या जातात. २००३ मध्ये मुंबईच्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. धुताना आणि विंचरताना केसातलं प्रथिन झिजतं, ते कमी झिजावं इतका परिणाम तिघांत फक्त खोबरेलाचा दिसला, कारण त्यातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरतं. दोघंही खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्या संशोधन विभागातले, हेही विचारणारीला सांगून टाकावं. आपल्या करडईच्या तेलात सूर्यफुलासारखंच लिनोलिक आम्ल जास्त, म्हणून ते भाजीला उत्तम असलं तरी केसाबाबत खोबरेलाशी त्याची बरोबरी करू नये. न्हाण्याआधी थोडं खोबरेल, एवढंच पुरे. कोंडा असलेल्या मुलीला मात्र तेल थापायला कधी सांगू नये. कोंड्यामागची बुरशी डोक्यावरच्या स्निग्ध पदार्थांवरच पोसते.

तेलानं केस लांब होतात का, हा पुढचा प्रश्न ठरलेला. डोक्याबाहेर आलेला केस निर्जीव असतो. त्याचं रक्षण होतं, पोषण होत नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, आणि दोन ते सहा-सात वर्षं वाढून गळून पडतो. ज्या मुलीच्या केसांचा वाढीचा काळ जन्मतःच दोन-अडीच वर्षांचा आहे तिचे केस कमरेपर्यंत जाणारच नाहीत, तिनं माका लावो की जास्वंद. तुझे केस आजीकडून आलेले आहेत. हे प्रत्येक वेळी सांग. ऐकणारीची निराशा होईल, पण ती स्वतःला दोष देणार नाही, आणि बाटल्यांवर आईबापाचे पैसे घालवणार नाही.

गळणाऱ्या केसांची गोष्ट वेगळी. रोज पन्नास ते शंभर केस गळणं सर्वसाधारण मानतात, आणि कुरळ्या केसांत ते अडकून राहतात, मग न्हाताना एकदम हातात येतात. त्यानं घाबरू नये. पण कुणी म्हणाली की मूठमूठ जातात, तर तिला उपाय न सांगता प्रश्न विचारावेत. दोन-तीन महिन्यांपूर्वी ताप आला होता का? पाळीत रक्तस्राव जास्त होतो का? मेसमध्ये नीट जेवतेस का? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायका रक्तक्षयी आढळल्या. अशा मुलीला लोहाची गरज असते, आणि ती आवळ्याच्या तेलाची बाटली शोधत हिंडते.

बुलढाण्याचं तर तुझ्या डोळ्यांसमोरचं. डिसेंबर २०२४ अखेरीस शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत बायका-पुरुष-पोरांचे केस भसाभस जाऊ लागले, काहींना तीन-चार दिवसांत टक्कल पडलं. कुणी शाम्पूला दोष दिला, कुणी पाण्याला. गावांची बदनामी झाली, त्या गावांतल्या पोरापोरींची लग्नं अडायची वेळ आली. पुढे मूळचे जालना जिल्ह्यातले आणि विंचवाच्या दंशावरील कामानं नावाजलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लोकांचं रक्त, लघवी, केस आणि खाण्यातला गहू तपासून घेतला. सेलेनियमचं प्रमाण फार वाढलेलं निघालं, आणि त्यांनी बोट ठेवलं ते रेशनच्या गव्हावर. डोक्याला काय लावता, हे विचारत बसलेल्यांना पोटात काय जातंय ते विचारायचं सुचलं नव्हतं.

काही जणी प्रश्न न विचारता थेट केसांत हात घालतील. त्यांना रागावू नकोस, पण थांबव. ‘बघ, पण आधी विचार’ एवढं हसून म्हटलं तरी कळतं. अमेरिकेत काळ्या बायकांना या आगंतुक हातांचा आणि त्याहून वाईट गोष्टींचा एवढा जाच झाला, की नैसर्गिक केसांमुळे नोकरीत किंवा शाळेत भेदभाव करू नये म्हणून कॅलिफोर्नियानं २०१९ मध्ये कायदाच केला. आपल्या शाळांत कुरळ्या केसांना ‘झिपऱ्या’ म्हणतात ते तू ऐकलेलं आहेस. तुझ्याकडे बघून एखादी कुरळ्या केसांची मुलगी केस सरळ करून घ्यायचं थांबली, तर त्याचा मला फार आनंद होईल.

आणखी एक. लग्नसराईत कुणी तुझं नाव सांगून काळी मेहंदी आणेल. मेहंदीच्या पानाचा रंग तांबूस-केशरी असतो. पुडीतली मेहंदी काही मिनिटांत काळीभोर रंगत असेल तर त्यात बहुधा पीपीडी नावाचं रसायन असतं, आणि काहींना त्यानं तोंड-डोळे सुजेपर्यंत त्रास होतो. नैसर्गिक लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नये. कानामागे थोडी लावून दोन दिवस वाट बघायला लाव, आणि खाज सुटली तर धुऊन सरळ त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठव. शिककाई-रिठ्यालाही हीच चाचणी, घरची वस्तू म्हणून सूट नाही.

दिवाळीला येशील तेव्हा गुरुद्वाऱ्याजवळून दोन-तीन लाकडी कंगे घेऊन ठेवते, मैत्रिणींना ने. उवा एकीच्या दुसरीला होतात, म्हणून प्रत्येकीचा वेगळा. शिककाईच्या शेंगा आईकडे दिल्या आहेत. त्या उन्हात वाळवून मगच डब्यात भर. आणि परीक्षेच्या आठवड्यात केसांचं काही करू नकोस, सैलसर वेणी घाल आणि अभ्यासाला बस. घट्ट बांधून कपाळावरचे केस ओढत राहिले की तिथलेच आधी विरळ होतात.

तुझी,
मावशी
नांदेड